चौऱ्याऐंशीवी मतपत्रिका

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही, आणि आमच्या घरात बायकोला न सांगता वांगीसुद्धा येत नाहीत. सात वर्षांपूर्वी आमच्या शिक्षक संघटनेच्या उमेदवार निवडीत एक मत बाद झालं. ते कोणाचं होतं यावरून भंडारा जिल्ह्यातल्या निम्म्या स्टाफरूममध्ये अजून हशा होतो. ते मत माझं होतं. आणि त्या निवडीचा निवडणूक अधिकारीही मीच होतो.

या अंकाच्या संपादकांनी मागितलं होतं ते वेगळंच. ‘इतकी वर्षं निवडणुकीची कामं केलीत, गमतीजमती लिहा,’ असं त्यांचं पत्र. गमती पुष्कळ आहेत, त्या सांगतोच. पण लिहायला बसलो की प्रत्येक गंमत घसरत घसरत त्या एका कागदावर येऊन थांबते, म्हणून तो आधीच टेबलावर ठेवला.

मी अड्याळला हायस्कुलात मराठी शिकवतो. वय त्रेपन्न. स्वभावाने कमी बोलणारा. या कमी बोलण्यानेच मला निवडणुकीच्या धंद्यात ओढलं. संघटनेत भांडण झालं की दोन्ही बाजू म्हणायच्या, “शहारे सर पाहतीन, ते कोनाचेच नाही.” मी कोणाचाच नव्हतो असं नाही. फक्त कोणाचा आहे ते बोलत नव्हतो. लोकांना त्यात निःपक्षपातीपणा दिसला. अक्षर बरं होतं, तेही उपयोगी पडलं.

बाहेरच्या वाचकासाठी थोडं समजावून सांगतो. विधान परिषदेत शिक्षकांचा एक आमदार असतो आणि त्याला शिक्षकच निवडतात. तिथे मशीन नाही, बटण नाही, चिन्हही नाही. नावांची यादी छापलेला कागद आणि एक जांभळा स्केचपेन. आवडत्या उमेदवारापुढे १ लिहायचा, त्याच्या खालोखाल जो बरा वाटेल त्याच्यापुढे २, मग ३. पहिल्या मोजणीत कोणालाच लागतील तितकी मतं पडली नाहीत, तर सगळ्यात मागच्या उमेदवाराला बाजूला काढतात आणि त्याचे कागद उघडून त्यावर दुसरी पसंती कोणाला आहे ते पाहतात. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने आधीच विचारून ठेवावं, जिलेबी संपली तर बुंदी चालेल का, तसं. जिलेबीवाल्याचं मत वाया जात नाही, ते बुंदीच्या पातेल्यात जातं.

इतकं सोपं. आणि मतदार कोण, तर सगळे शिकलेले, दुसऱ्यांना शिकवणारे. तरी मोजणीला बसलं की बाद मतांचा ढीग पाहून हसू आवरत नसे. एका गणिताच्या सरांनी सगळ्या उमेदवारांना दहापैकी गुण दिले होते आणि खाली बेरीज करून तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. एका मुख्याध्यापकांनी १ बरोबर लिहिला, मग सवयीने खाली सही केली, आणि सहीखाली ‘मुख्याध्यापक’ असंही. शिक्का जवळ नव्हता म्हणून वाचलो. एकाने दोघांपुढे १ लिहून मध्ये लिहिलं होतं, ‘दोघंही सज्जन आहेत.’ सगळ्यांत मला आवडलेली मतपत्रिका एका भाषेच्या शिक्षकाची. त्याने कोणालाच मत दिलं नव्हतं. एका उमेदवाराच्या नावातली ऱ्हस्व वेलांटीभोवती गोल करून बाजूला दीर्घ लिहून दाखवली होती. मत बाद झालं, पण दुरुस्ती बरोबर होती.

मात्र बाद मतांत सगळ्यात मोठा ढीग टिकांचा. मास्तराच्या हातात पेन आणि समोर छापील कागद आला की टिक जातेच. तीस-तीस वर्षांची सवय. म्हणून प्रशिक्षणात मी एकच गोष्ट घसा फोडून सांगायचो: “अंक लिहायचा. टिक मारायची नाही. आपण पेपर तपासत नाही, मत देत आहोत.” जिल्ह्यात लोक मला लांबून पाहून म्हणायचे, “आले जी, टिक मारायची नाही आले.”

आता त्या दिवसाकडे.

आमची संघटना दर वेळी आमदारकीसाठी उमेदवार देते. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्याने आधी आपल्यातलं एक नाव निवडायचं आणि विभागाकडे पाठवायचं. आमच्या जिल्ह्यातून तिघे उभे होते. पवनीचे निनावे सर, घरी हातमाग, बोलायला गोड, ओळखी अमाप. साकोलीकडचे गभने सर, आवाज मोठा. आणि लाखनीच्या शालिनी हटवार मॅडम. मॅडमकडे ना ओळखी ना आवाज. पण अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांच्या फायली घेऊन त्या कचेऱ्यांच्या पायऱ्या चढल्या होत्या, आणि किती जणांची नोकरी त्यामुळे टिकली हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझं मत त्यांनाच होतं. अर्थात मी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

नियम मीच लिहिले होते. निम्म्याहून जास्त मतं मिळाली तर तिथेच निकाल. नाही मिळाली तर पहिले दोघे ठेवून जेवणानंतर दुसरी फेरी. दुसऱ्या जागेवर सारखी मतं पडली तर चिठ्ठी टाकून कोण पुढे जाणार ते ठरवायचं. आणि सराव म्हणून आमच्याकडेही अंकच लिहायचा, नावापुढे १. कलम सात असं: अंकाऐवजी दुसरी खूण असेल आणि मतदाराचा कल स्पष्ट असेल, तर ते मत धरायचं की नाही हे निवडणूक अधिकारी ठरवेल.

सकाळी शाळेच्या सभागृहात मी फळ्यावर नमुना मतपत्रिका काढली आणि एकाला पुढे बोलावलं. आले टिकाराम लांजेवार सर. लाखनीला शालिनी मॅडमच्याच शाळेत भूगोल शिकवायचे. मॅडमसाठी महिनाभर मोटारसायकल फिरवून त्यांनी सातही तालुके पालथे घातले होते. फळ्यापाशी आले, खडू घेतला, आणि झोकात टिक मारली.

सभागृह हसून कोसळलं.

“टिकाराम सर, टिक नाही, एक!” मी म्हणालो.

“हौ न जी, एकच तं मारली,” ते म्हणाले. पुन्हा हशा. त्यांनी खडूने टिक पुसली, केवढा तरी मोठा १ काढला आणि मागे वळून म्हणाले, “आता झोपेतही चुकत नाही मी.”

मतदार चौऱ्याऐंशी. रांग हळू सरकत होती. टेबलापाशी बसून मला काम नव्हतं आणि पिशवीत नववीच्या चाचणीचे पेपर होते. दोन मतदारांच्या मधल्या वेळात मी एक-एक पेपर काढून तपासू लागलो. पंचेचाळीस पेपर झाले तेव्हा शेवटचा मतदार गेला. मग माझी पाळी. पडद्यामागे गेलो, कागद पसरला, शालिनी मॅडमचं नाव पाहिलं, खूण केली, घडी घातली, पेटीत टाकली आणि बाहेर येऊन सेहेचाळिसावा पेपर घेतला. हाताने काय केलं ते मला कळलंच नाही.

कळलं मोजणीत. एक-एक कागद उघडून मी नाव वाचायचो, कागद उंच धरून दाखवायचो, आणि फळ्यावर रेघ पडायची. शेवटाकडे एक कागद उघडला. शालिनी मॅडमच्या नावापुढे टिक. खाली बारीक, वर जाताना रुंद, आणि टोकाला वळलेली शेपटी. माझी पोरं तिला बगळा म्हणतात. ‘सर, मले तीन बगळे भेटले.’ जगात तशी टिक दुसऱ्या कोणाची नाही. आणि समोर पहिल्याच रांगेत शालिनी मॅडम बसलेल्या, ज्यांनी बोर्डाचे पेपर तपासण्याचं काम चार वर्षं माझ्याबरोबर केलं होतं. कागद उंच धरला असता, तर त्यांनी दारातूनही बगळा ओळखला असता.

मी कागद उंच धरला नाही. “एक मत बाद,” म्हणालो, “अंकाऐवजी टिक आहे,” आणि घडी करून पाकिटात सरकवला.

मागून आवाज आला, “कोनाची टिक? टिकारामची!”

मग जो हशा झाला तो काही थांबेना. कोणी बाकं वाजवली. टिकाराम सर उभे राहिले. “अरे, मी एकच लिवला गा! आईशप्पथ एक लिवला!” जितकं ते ओरडत तितकं लोक हसत. मीही हसलो. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं ते खरं, मीही हसलो.

फळ्यावर आकडे असे होते: निनावे चौतीस, गभने पंचवीस, शालिनी मॅडम चोवीस. बाद एक.

मॅडम उठल्या. आवाज न चढवता विचारलं, “सर, टिक कोणाच्या नावापुढे आहे, तेवढं सांगा.”

“तुमच्या,” मी म्हणालो.

हिशेब सगळ्यांना आला. ते मत धरलं तर पंचवीस-पंचवीस, मग चिठ्ठी.

“कलम सातमध्ये कल स्पष्ट असेल तर, असं लिहिलंय ना?”

“निर्णय अधिकाऱ्याचा, असंही लिहिलंय.”

“मग कागद दाखवा तरी.”

“बाद मतपत्रिका दाखवता येत नाही, मॅडम. हात ओळखू येतो. गुप्तता मोडते.” असा कुठलाही नियम नव्हता. तो मी त्या क्षणी तयार केला. मत धरलं असतं, तर गभने सरांच्या माणसांनी कागद पाहायला मागितला असता, तेही मला दिसत होतं. टिक मारू नका म्हणून जिल्हाभर ओरडणाऱ्या माणसाने टिक मारली, एवढं बाहेर पडू नये, यासाठी मी एका बाईची चिठ्ठीतली निम्मी संधी पाकिटात बंद केली. आणि मनाशी म्हणालो, पाहा, मी स्वतःचंही मत बाद करतो, इतका मी कडक. हे मला काही दिवस पटलंही.

जेवणात भात, वरण आणि भेदराची, म्हणजे टोमॅटोची, चटणी होती. जेवताना शालिनी मॅडमचे लोक उठून गभने सरांच्या पंगतीत बसले, तेव्हाच दुसऱ्या फेरीचा निकाल लागला होता. गभने सेहेचाळीस, निनावे अडतीस. पहिला आलेला पडला. शाळेचे शिपाई रामाजी माझ्याजवळ येऊन म्हणाले, “असं कसं जी सर? सकारी जो जितून राहिला होता, तो जेवून हरला?” मी त्यांना जिलेबी आणि बुंदीचं उदाहरण दिलं. ते म्हणाले, “मंग वाढन्यावालाच खरा उमेदवार म्हना.” इतक्या वर्षांत दुसऱ्या फेरीवर याहून शहाणं बोलणं मी ऐकलेलं नाही. निनावे सर पडले, कारण त्यांना नको म्हणणारे सगळे एकत्र झाले होते. शालिनी मॅडम चिठ्ठीत निघाल्या असत्या, तर गभने सरांची माणसं त्यांच्या पंगतीला बसली असती.

पुढची गंमत अशी की विभागाने आमचं नाव घेतलंच नाही. दुसऱ्याच जिल्ह्यातला माणूस उभा केला. गभने सर पंधरा दिवस हार घालून फिरले आणि पुन्हा वर्गात गेले. म्हणजे जे झालं ते एका कागदी जागेसाठी झालं. संपायला हवं होतं.

संपलं नाही ते टिकाराम सरांचं. गभने सर त्यांच्या दूरच्या नात्यातले निघाले, तेव्हा विनोदाला काटे फुटले. कोणी म्हणे विसराळूपणा, कोणी म्हणे मुद्दाम केलं. चार दिवसांनी ते लाखनीहून अड्याळला आले, थेट माझ्या वर्गाच्या दारात. मधल्या सुट्टीत आम्ही सायकल स्टँडपाशी उभे राहिलो.

“सर, लिफाफा खोला न जी,” ते म्हणाले. “माहा हात तुमाले वळखता येते. तुमी पाहा, आन मॅडमले फक्त येवढं सांगा का टिकारामचा नाही. कोनाचा हाये ते नका सांगू.”

“असं करता येत नाही, सर.”

“काहून नाही येत? वीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला आमी. आता तिनं खुर्ची खिडकीपाशी नेली. बोलत नाही, भांडत नाही. भांडली असती तं बरं झालं असतं.”

“गुप्त मतदान आहे. सील केलेलं पाकीट खोलता येत नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आदराने पाहिलं, ते जास्त लागलं. “बरोबर हाये जी,” म्हणाले. “नियम तं नियम. तुमी कडक म्हनून तं आमी तुमाले बसवतो.” आणि मोटारसायकलला किक मारली.

गुप्त मतदानाची ही बाजू मी कुठल्या प्रशिक्षणात सांगितली नाही. आपण काय लिहिलं ते कोणाला कळत नाही, हे मतदाराचं संरक्षण. पण आपण काय लिहिलं नाही, हेही त्याला कधी सिद्ध करता येत नाही. शाळेभर, तालुकाभर माणूस शपथा घेत फिरला तरी कागद काही त्याच्या बाजूने बोलायला येत नाही. त्याच्यासाठी बोलू शकेल असा जिल्ह्यात एकच माणूस होता, आणि तो कमी बोलणारा होता.

सहा महिने पाकीट जपायचं आणि मग नष्ट करायचं, असा नियम होता. तो मात्र खरा होता. शाळेच्या मागे मी सगळ्या मतपत्रिका जाळल्या. रामाजी काठीने कागद सारत होते. बाद मताचं पाकीट मी आधी टाकलं.

त्यानंतर टिकाराम सरांना टिकमार्क सर हे नाव पडलं. प्रशिक्षणाला आले की लोक म्हणायचे, “सर, तुमचा हात बांधून ठेवा.” तेही हसायचे. मी अधिकारीपद सोडलं, प्रकृतीचं कारण दिलं. प्रकृती उत्तम होती. त्यानंतर संघटनेच्या पदाधिकाऱ्यांच्या दोन निवडी झाल्या, दोन्ही भांडणात गेल्या, आणि लोक म्हणाले, शहारे सर असते तर असं झालं नसतं. हे ऐकून काय वाटायचं ते लिहीत नाही.

यंदा टिकाराम सर सेवानिवृत्त झाले. निरोपाला मी लाखनीला गेलो. हायवेवर ट्रकांची रांग, त्यामुळे उशीर झाला. पोचलो तेव्हा भाषणं चालू होती आणि अर्थातच कोणीतरी टिकेचा विनोद करत होतं. आणि स्टेजच्या बाजूला मला दिसलं, शालिनी मॅडमची खुर्ची टिकाराम सरांच्या खुर्चीला लागून होती. दोघं एकमेकांच्या कानाशी काही बोलून हसत होते. माझ्या छातीवरचं ओझं अर्धं उतरलं. माझ्या मदतीशिवाय मिटलं म्हणायचं!

पोहे खाताना मी टिकाराम सरांना हळूच विचारलं, “मॅडमशी बोलणं सुरू झालं वाटतं?”

“हौ जी. मागच्या महिन्यात मीच गेलो तिच्या घरी. म्हटलं, आता रिटायर होऊन राहिलो, कायले ठेवायचं मनात. माफी मांगून घेतली.”

“माफी? कशाची?”

“टिकेची न जी.”

मी प्लेट खाली ठेवली. “पण सर, तुम्ही तर म्हणत होता, एकच लिहिला.”

“म्हनत होतो,” ते म्हणाले. पोह्यातली मिरची काढून त्यांनी कडेला लावली. “सात वर्षं सारे जन सांगून राहिले, टिकाराम, तूच. एवढे लोक कायले खोटं बोलतीन? आन सकारी फळ्यावर मारलीच होती मी. आता मलेच वाटते, माहाच हात गेला असन. आठवाले बसलो तं टिकच दिसते. तं म्हटलं, मॅडम, चुकलो. ती रडली. म्हने, सर, येवढंच पहिले सांगतलं असतं तं मी कवाची खुर्ची आनली असती.”

मग ते हसले, अगदी मोकळं. “बरं झालं न जी. डोक्सं हलकं झालं.”

मी घरी आलो. त्या दिवशी मला अंकाच्या संपादकांचं पत्र मिळालं असं म्हटलं तर गोष्ट छान जुळेल, पण तसं नाही. पत्र दीड महिन्याने आलं. त्या दीड महिन्यात मी रोज स्वतःला समजावलं की दोघांचं जुळलं आहे, ते मोडू नये. हा विचार चांगला आहे, यात माझी सोय आहे एवढीच अडचण.

टिकाराम सरांनी जी माफी मागितली ती माझ्या हाताच्या चुकीची होती, आणि ती मागताना त्यांना आपल्या आठवणीवरचा विश्वास सोडावा लागला. अंक निघायच्या आधी लाखनीला जाऊन यायचं असं ठरवून मी लिहायला बसलो होतो. लिहून झालं, पण अजून गेलेलो नाही.

टिकाराम सर, तुम्ही एकच लिहिला होता. हे तुमच्या समोर उभं राहून, शालिनी मॅडमच्या देखत, माझ्या तोंडाने सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.